तापमापीला न दिसणारी उष्णता

शून्य अंश सेल्सिअस तापमानाचा एक किलोग्रॅम बर्फ घेऊन त्याची शंभर अंशांची वाफ होईपर्यंत त्याला उष्णता देत राहिले, तर सामान्य वातावरणीय दाबाखाली सुमारे ३,०१० किलोज्यूल ऊर्जा लागते. या ऊर्जेचा हिशेब टप्प्याटप्प्याने मांडला की, तापमान शून्यापासून शंभरापर्यंत चढवण्यासाठी त्यातले जेमतेम ४१९ किलोज्यूल खर्ची पडले असून उरलेली सगळी ऊर्जा, म्हणजे शेकडा ८६ या प्रमाणात, तापमापीतला पारा एका अंशानेही न हलवता पदार्थात सामावली आहे असे दिसते. त्यांपैकी ३३४ किलोज्यूल बर्फाचे पाणी होताना आणि सुमारे २,२५७ किलोज्यूल पाण्याची वाफ होताना लागतात. अवस्थांतर घडवणाऱ्या, पण तापमानात प्रकट न होणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि एकक वस्तुमानाच्या पदार्थाला ती किती लागते हे सांगणाऱ्या राशीला विशिष्ट अप्रकट उष्मा. शालेय पाठ्यपुस्तकांत ही उष्णता आलेखावरच्या दोन आडव्या रेषांच्या रूपाने भेटते. पाण्याच्या बाबतीत उष्णतेची सर्वांत मोठी देवघेव नेमकी त्या आडव्या रेषांवर चालते, ही गोष्ट मात्र त्या आलेखातून विद्यार्थ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या राशी आहेत याची स्पष्ट जाणीव युरोपातल्या विद्वानांनाही नव्हती. बर्फ एकदा द्रवणांकाला, म्हणजे ज्या तापमानाला स्थायूचा द्रव होतो त्या तापमानाला पोहोचला, की आणखी किंचित उष्णता दिल्याने तो सगळाच्या सगळा वितळतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. ग्लासगो विद्यापीठात वैद्यक आणि रसायनशास्त्र शिकवणारे जोसेफ ब्लॅक (१७२८–१७९९) यांना हा समज डोळ्यांसमोरच्या वस्तुस्थितीशी जुळेना, कारण डोंगरांवर साचलेले बर्फ थंडी ओसरल्यानंतरही कित्येक आठवडे टिकून राहते आणि हळूहळू पाझरत नद्यांना मिळते. प्रचलित समज खरा असता, तर हवा जराशी उबदार होताच ते सारे बर्फ अल्पावधीत वितळून दर वसंत ऋतूत भयंकर पूर आले असते. ज्या संथपणाकडे सर्वांनी सवयीने पाहिले होते, त्या संथपणालाच कारण असले पाहिजे असे ब्लॅक यांना वाटले, आणि ते कारण मोजता येईल असा प्रयोगही त्यांनी रचला.

त्या प्रयोगाची मांडणी इतकी साधी आहे की घड्याळ आणि तापमापी असलेल्या कोणत्याही शाळेत तो आजही करता यावा, आणि तो केला जात नाही ही खेदाची गोष्ट आहे. ब्लॅक यांनी काचेचे दोन सारखे गोल घेऊन प्रत्येकात पाच औंस पाणी भरले, एकातले पाणी गोठवले, दुसऱ्यातले ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे गोठणबिंदूच्या एकच अंश वर राहील इतके थंड केले, आणि ४७ अंश फॅरनहाइट तापमान असलेल्या एका प्रशस्त दालनात दोन्ही गोल टांगून ठेवले. पाण्याचा गोल अर्ध्या तासात सात अंशांनी तापून ४० अंशांवर आला. बर्फाच्या गोलाला मात्र वितळून तेच ४० अंश गाठायला साडेदहा तास लागले. दोन्ही गोल एकाच हवेतून जवळपास सारख्याच वेगाने उष्णता घेत असणार, असे गृहीत धरले तर बर्फाने एकवीस अर्ध्या तासांत प्रत्येकी सात, म्हणजे एकूण १४७ अंशांच्या तोडीची उष्णता घेतली. त्यातले ३२ पासून ४० पर्यंत चढायला लागलेले आठ अंश वजा केले की १३९ उरतात, आणि ही उरलेली उष्णता केवळ वितळण्यात गेली. आधुनिक मापनानुसार हा आकडा १४४ च्या जवळ येतो. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी, उष्णता म्हणजे नेमके काय हे कोणालाच ठाऊक नसताना, तीनचार टक्क्यांच्या फरकाने मिळालेले हे उत्तर प्रायोगिक विज्ञानाच्या इतिहासातल्या अत्यंत सुंदर उत्तरांपैकी एक मानावे लागेल.

ब्लॅक यांनी हे निष्कर्ष एप्रिल १७६२ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या विद्वानांच्या मंडळापुढे वाचले आणि त्याच वर्षी ते वाफेकडे वळले. पत्र्याच्या भांड्यातले ५० अंश फॅरनहाइटचे पाणी तापलेल्या लोखंडी पत्र्यावर चार मिनिटांत उकळू लागले, पण ते आटून जायला आणखी वीस मिनिटे लागली, यावरून पाण्याची वाफ होताना सुमारे ८१० अंशांच्या तोडीची उष्णता अप्रकट होते असे त्यांनी काढले. खरा आकडा ९७० च्या आसपास आहे. उष्णतेवरचे हे संशोधन त्यांनी स्वतः कधी छापले नाही, ते व्याख्यानांतून विद्यार्थ्यांपर्यंत गेले आणि ती व्याख्याने जॉन रॉबिसन यांनी ब्लॅक यांच्या निधनानंतर, १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. दरम्यान स्वीडनमध्ये योहान विल्के यांनी बर्फाविषयीचा असाच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढून १७७२ मध्ये प्रसिद्ध केला होता.

त्याच विद्यापीठासाठी उपकरणे बनवणारे जेम्स वॅट न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक प्रतिकृती दुरुस्त करत असताना एका कोड्यात सापडले होते: थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट थंड पाण्याला उकळीपर्यंत नेत होती. ब्लॅक यांनी त्यांना अप्रकट उष्म्याची कल्पना समजावून दिली. न्यूकोमेनच्या इंजिनात वाफेचे पाणी सिलिंडरमध्येच थंड पाण्याच्या फवाऱ्याने केले जाई, त्यामुळे प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड होई आणि पुढच्या फेरीतली बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच वाया जाई. वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडण्याचा उपाय वॅट यांना १७६५ मध्ये सुचला आणि १७६९ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. ब्लॅक यांच्या सिद्धान्तातूनच हा शोध थेट निघाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र एका फेरीत वाफ किती वाया जाते आणि त्याचा अर्थ काय, हे उमगण्यासाठी लागणारी दृष्टी त्या दोघांच्या चर्चांतून घडली हे निश्चित.

एवढी उष्णता शिरूनही तापमान का वाढत नाही, याचे उत्तर मिळायला रेणूंची कल्पना रुजावी लागली. ब्लॅक यांच्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रवच आहे असे अनेकांना वाटे. तो बर्फात शिरत असेल तर वितळलेल्या पाण्याचे वजन वाढायला हवे होते, पण काउंट रम्फर्ड यांनी अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या वजनांत तसा फरक आढळला नाही. आजच्या समजुतीनुसार तापमान हे रेणूंच्या हालचालीच्या सरासरी ऊर्जेचे माप आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन आणि दुसऱ्यातला ऑक्सिजन यांच्यातल्या आकर्षणाने, बांधलेला असतो आणि त्यातून एक पोकळ, शिस्तबद्ध जाळी तयार होते. वितळताना आत येणारी ऊर्जा रेणूंचा वेग वाढवण्याऐवजी ही जाळी मोडण्यात खर्च होते, म्हणून शेवटचा खडा वितळेपर्यंत तापमान शून्यावर स्थिर राहते. वितळण्यापेक्षा वाफ होण्यास जवळजवळ सातपट ऊर्जा का लागते, हेही यातून समजते: द्रवरूप पाण्यात बहुतेक बंध, विस्कळित का होईना, टिकून असतात, तर वाफ होताना प्रत्येक रेणूला आपले सगळे शेजारी सोडावे लागतात, शिवाय सुमारे सोळाशे ते सतराशे पट प्रसरण पावताना भोवतालची हवाही बाजूला सारावी लागते. शिशाच्या एका ग्रॅमला वितळायला सुमारे २३ ज्यूल पुरतात, तिथे बर्फाला ३३४ लागतात.

घेतलेली ही ऊर्जा उलट्या प्रवासात पै न पै परत मिळते. मोदकपात्रातली वाफ थंड उकडीला स्पर्श करताच तिचे पाणी होते आणि दर ग्रॅममागे सव्वादोन हजार ज्यूल तिथल्या तिथे मोकळे होतात. त्वचेवर आलेली शंभर अंशांची वाफ तितक्याच उकळत्या पाण्यापेक्षा सुमारे साडेनऊपट उष्णता देते, आणि वाफेचा चटका इतका खोल का जातो याचे कारण हेच.

वाफ होण्यासाठी पाण्याने उकळलेच पाहिजे असे नाही. कोणत्याही तापमानाला पृष्ठभागावरचे काही वेगवान रेणू निसटतात, ते ऊर्जा घेऊन जातात आणि मागे उरलेले पाणी थंड होते. ३० अंशांना एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २,४३० ज्यूल लागतात, म्हणजे उकळताना लागतात त्यापेक्षा थोडे अधिकच. माठातले पाणी, वाळ्याचे पडदे आणि विदर्भातल्या घराघरांतले कूलर यांचा आधार हाच. विश्रांत अवस्थेतला माणूस ताशी साधारण ३६० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो आणि भोवतालची हवा शरीरापेक्षा तप्त झाली की ती टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे ताशी सुमारे दीडशे ग्रॅम घाम सुकवणे. सुकवणे हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या ओघळणाऱ्या घामाने शरीर जवळजवळ मुळीच थंड होत नाही. कोकण किनाऱ्यावरची हवा बाष्पाने भरलेली असल्याने घाम सुकत नाही, आणि म्हणूनच नागपूरच्या ४३ अंशांत उत्तम चालणारा कूलर मुंबईच्या ३४ अंशांत निरुपयोगी ठरतो.

मुंबईने थंडावा विकत घेतला तो आधी बर्फाच्याच रूपात. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांचे ‘टस्कनी’ हे जहाज मे १८३३ मध्ये सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला पोहोचले तेव्हा त्यातले शंभरेक टन शिल्लक होते. पुढच्या वर्षीपासून मुंबईतही अमेरिकी बर्फ येऊ लागला. लाकडाच्या भुशासारखे आवरण आणि बर्फाची घट्ट रचलेली रास यांचे श्रेय आहेच, पण वितळलेल्या प्रत्येक किलोमागे ३३४ किलोज्यूल मोजून घेणाऱ्या पदार्थाशिवाय हा व्यापार शक्य नव्हता. त्या बर्फयुगाची खूण दुकानातल्या एअर कंडिशनरवर अजून टिकून आहे: ‘एक टन’ म्हणजे दोन हजार पौंड (९०७ किलो) बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेईल तितकी, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट दराने उष्णता उपसण्याची क्षमता. यंत्राच्या आतही एक द्रव कमी दाबाखाली उकळून खोलीतली उष्णता शोषत असतो. किनारपट्टीवर त्या क्षमतेचा मोठा वाटा हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात जातो; नळीतून ठिबकणाऱ्या प्रत्येक लिटरमागे जवळपास अडीच हजार किलोज्यूल.

हीच देवघेव आकाशात होते तेव्हा तिचे आकडे अवाढव्य होतात. सूर्याची उष्णता समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी बाष्पात बदलते आणि नैर्ऋत्य मोसमी वारे ते बाष्प, त्यातल्या अप्रकट उष्म्यासह, सह्याद्रीपर्यंत आणतात. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होते. मात्र बाष्पाने संपृक्त हवेत, म्हणजे आणखी बाष्प सामावू न शकणाऱ्या हवेत, संघनन, म्हणजे बाष्पाचे पाणी होणे, सुरू झाले की मोकळ्या होणाऱ्या उष्णतेमुळे पावसाळी प्रदेशातल्या खालच्या थरांत ही घट चार-पाच अंशांवर येते. परिणामी ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार व हलकी राहते, आणखी वर चढते, खालून नवी ओली हवा ओढून घेते आणि पाऊस स्वतःचेच इंधन पुरवत राहतो. जमिनीवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो पाणी, आणि ते पाणी बनताना वरच्या हवेत सुमारे २,४५० किलोज्यूल मोकळे झालेले असतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या हिशेबाने त्या दिवशी दर चौरस मीटरमागे सरासरी सुमारे २७ किलोवॅट दराने उष्णता हवेत उतरत होती. निरभ्र दुपारी ऐन माथ्यावरचा सूर्य तेवढ्याच जागेला जेमतेम एक किलोवॅट देतो. अर्थात ही सगळी उष्णता त्या एका चौरस मीटरवरची नव्हती. विस्तीर्ण समुद्रावर कित्येक दिवस साठलेली ऊर्जा वाऱ्यांनी एका चिंचोळ्या पट्ट्यात आणून सोडली होती.

चक्रीवादळांचे इंजिनही याच उष्णतेवर चालते, म्हणूनच ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ जमिनीवर येऊन समुद्राच्या बाष्पाला पारखे होताच वेगाने ओसरत गेले. पावसाच्या अंदाजातली मोठी अडचणही इथेच आहे. संगणकी प्रारूपे वातावरणाचे काही किलोमीटर ते त्याच्या दहापट रुंदीचे चौकोन पाडून गणित करतात, तर उष्णता सोडणारा एकेक ढग बहुधा त्याहून लहान असतो, आणि त्यामुळे संघनन कुठे, किती उंचीवर आणि किती वेगाने होईल हे बऱ्याचदा अंदाजी सूत्रांनीच बसवावे लागते. ही सूत्रे सुधारण्यासाठी पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था २००९ पासून विमानांतून ढगांमध्ये शिरून मोजमापे घेत आली आहे आणि महाबळेश्वरला तिने ढगांच्या अभ्यासाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आहे, जिथे पावसाळ्यात ढग उपकरणांच्या उंचीवर स्वतः उतरून येतात. तिथे ढगातल्या थेंबांची संख्या आणि आकार नोंदले जातात, कारण हवेतल्या धूलिकणांवर किती थेंब जमतात आणि त्यांपैकी किती गोठण्याच्या उंचीपर्यंत पोहोचतात, यावर संघननाचे २,४५० आणि गोठण्याचे ३३४ किलोज्यूल ढगाच्या कोणत्या थरात सुटतील हे अवलंबून असते.