ऑफिसचाही रोजा सुटावा

मगरिबची अजान झाली की करमाळ्यात रोजा सुटतो. खजूर तोंडात जातो, पाण्याचा घोट घेतला जातो आणि दिवसभराचा उपास त्या मिनिटाला संपतो. पुण्यातल्या एखाद्या बड्या ऑडिट फर्ममध्ये लागलेल्या इथल्या पोराचा रोजाही त्याच सुमारास सुटतो. पण लॅपटॉपसमोर, बाटलीतल्या पाण्यावर. त्याचा रोजा सुटतो, ऑफिस काही सुटत नाही.

2025 मध्ये तर योग असा आला, की रमजान ईदची सरकारी सुट्टी 31 मार्चला आणि आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवसही तोच. सरकारी जमाखर्च पाहणाऱ्या बँकांच्या शाखा त्या दिवशी उघड्या ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ऑडिटवाल्यांचीही तीच वेळ. वर्षअखेरीला गोदामातला माल प्रत्यक्ष मोजून पाहावा लागतो. साखर कारखाना असेल तर पोत्यांच्या थप्प्या मोजायच्या. हे काम सहसा नव्या पोरांच्या वाट्याला येते. घरी शीरखुर्मा शिजत होता तेव्हा कुणाचा तरी मुलगा गोदामात पोती मोजत असेल.

करमाळ्याला सीए होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. जेऊर स्टेशनवरून पुण्याची गाडी पकडणाऱ्या मुलामागे घरच्यांची अनेक वर्षांची काटकसर असते. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या ‘बिग फोर’पैकी एकीत नोकरी लागली की गल्लीत पेढे वाटले जातात. मुलगा कोणत्या धर्माचा, याने त्या पेढ्यांची चव बदलत नाही.

तिथले काम बाहेरून दिसते तेवढे थंड नाही. बिले आणि नोंदी जुळवायच्या, बँकेचे उतारे पडताळायचे, प्रत्येक तपासणीचा कागद तयार ठेवायचा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना वर्षाचे तपासलेले निकाल 60 दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे एप्रिल-मे धामधुमीचे. शिवाय रोज कोणत्या कामाला किती तास लागले, ते टाइमशीटवर लिहायचे. खरी गोम इथे आहे. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त तास लागले, तर ‘आपणच कमी पडलो’ असे दिसेल या भीतीने नवी मुले ते लिहीत नाहीत. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्यांचा स्वतःचा हिशेबच अपुरा राहतो. कागदावर नसलेले तास मग कुणालाच दिसत नाहीत.

ते दिसले 2024 मध्ये. ईवायच्या पुणे कार्यालयात मार्चमध्ये रुजू झालेली केरळची 26 वर्षांची सीए तरुणी जुलैमध्ये गेली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईचे कंपनीप्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. रात्री उशिरापर्यंतचे काम, सुट्टीच्या दिवशी येणारे काम, असे सारे त्यात होते. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, हे कंपनीने मान्य केले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. राज्याच्या कामगार विभागाच्या तपासणीत मात्र एक साधी गोष्ट पुढे आली. ते कार्यालय 2007 पासून दुकाने व आस्थापना कायद्याच्या नोंदणीशिवाय चालू होते.

हा कायदा महाराष्ट्रात 2017 चा आहे. कामगाराला आठवड्याला 48 तास, आठवड्यातून एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट वेतन, असे तो सांगतो. व्यवस्थापकीय पदांना तो लागू नाही. सीए संस्थेच्या नियमातही आर्टिकलशिपचे तास आठवड्याला 35 धरलेले आहेत. नियम आहेत, पण तास लिहिलेच नाहीत, तर नियम मोजणार काय?

मेहनतीला करमाळा घाबरत नाही. उसाच्या फडात आणि केळीच्या बागेत राबलेल्या घरांतूनच ही मुले गेली आहेत. पण फडातही अंधार पडल्यावर कोयता खाली ठेवतात. रोजा कितीही कडक असला तरी त्याला मगरिब आहे, आणि आजारी माणसाला तर रोजा न ठेवण्याची सवलतच आहे. ऑफिसच्या दिवसाला मात्र अजून मगरिब सापडलेली नाही.

ती साहेबांनीच शोधायची असे नाही. ईदच्या दिवशी गोदामात सहकारी मित्राने जावे, दिवाळीत त्याची पाळी याने घ्यावी, एवढे टेबलावरच ठरवता येते. जेवढे तास बसलो तेवढे लिहिण्याची हिंमत मुलांनी करावी. आणि घरच्यांनी फोनवर पगारवाढ विचारण्याआधी झोप झाली का, जेवलास का, हे विचारावे. आवाज थकलेला वाटला तर 14416 या ‘टेलिमानस’च्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते, हे त्याला सांगावे. नाहीच जमले, तर जेऊरला परत येणारी गाडीही आहे, हेही सांगावे.