लांब दिसणारी लोकल

भाईंदर स्टेशनच्या उत्तरेला खाडीचा पूल आहे. त्यावरून चर्चगेटकडे येणारी गाडी बरीच आधी नजरेस पडते, आणि धोका तिथेच आहे. ‘लांब आहे अजून’ म्हणत माणूस रुळांत उतरतो. दुर्घटनेची दोन ओळींची बातमी वाचून आपण म्हणतो, ‘कळत नाही का लोकांना?’ मानसशास्त्राची ओळख या प्रश्नापासून करून घ्यावी. खरोखरच कळत नाही, आणि का कळत नाही हे मोजून दाखवता येतं.

लोकल साधारण साडेतीन मीटर रुंद असते. चारशे मीटरवरून ती पौर्णिमेच्या चंद्राएवढीच दिसते. ताशी 100 किलोमीटर वेगाने ती सेकंदाला 28 मीटर पुढे येते. डोळ्यातली तिची प्रतिमा दुप्पट व्हायला सात सेकंद लागतात, पुढची दुप्पट साडेतीन सेकंदांत होते, त्यापुढची पावणेदोन सेकंदांत. चारशे आणि तीनशे मीटरमधला फरक नजरेला नीट जाणवत नाही, पण तीनशे मीटरवरची गाडी अकराव्या सेकंदाला अंगावर असते. खडीतून, हातात पिशवी घेऊन, दोन मार्ग ओलांडायला दहा सेकंद सहज जातात.

गाडीचा आकारही फसवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी 1985 मध्ये मांडलं की मोठी वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येतेय असं वाटतं. उतरणारं अवजड विमान छोट्या विमानापेक्षा संथ भासतं, प्रत्यक्षात त्याचा वेग जास्त असला तरी. ही केवळ अटकळ होती. खऱ्या रुळांवर माणसं उभी करून ती तपासणार कशी? 2013 मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या संशोधकांनी पडद्यावर आगगाडी आणि मोटार दाखवून निरीक्षकांना वेगाचा अंदाज करायला लावला. सारख्या वेगाची आगगाडी त्यांना मोटारीपेक्षा हळू वाटली.

गती ‘पाहणं’ हे मेंदूचं स्वतंत्र काम आहे, हे एका रुग्णामुळे स्पष्ट झालं. जोसेफ झील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये जर्मनीतल्या एका बाईंची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यावर त्यांना रंग आणि वस्तू दिसत, हालचाल मात्र जवळजवळ दिसत नसे. कपात ओतलेला चहा त्यांना गोठलेला भासे. रस्त्यावरची मोटार आधी लांब असे आणि एकदम समोर उभी ठाके. आपला मेंदू धडधाकट असतो, तरी थेट समोरून येणाऱ्या गाडीबाबत आपलीही गत थोडी तशीच होते. म्हणून रूळ ओलांडणाऱ्याला मूर्ख ठरवणं मला पटत नाही. रेल्वे कायद्यात त्याला दंड आणि कैद दोन्ही आहेत, पण कायद्याच्या धाकाने डोळ्याचा अंदाज सुधारत नाही.

मुंबईत या ज्ञानाचा वापर झालेला आहे. 2010 च्या सुमारास मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर वडाळ्याजवळ ‘फायनलमाइल’ या संस्थेने तीन साधे बदल करून पाहिले. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते एकेक करून गाडीखाली जाताना पाहून वेग कळावा. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा दाखवणारे फलक लावले. मोटरमनला एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायला सांगितलं, कारण मधल्या शांततेने कान टवकारतात. त्यानंतर तिथले मृत्यू घटल्याचं जाहीर झालं.

मला हे काम मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच ते कसून तपासावंसं वाटतं. आधी आणि नंतर अशा नुसत्या तुलनेने कारण सिद्ध होत नाही. त्याच काळात कुंपण दुरुस्त झालं असेल, पोलिसांची गस्त वाढली असेल. मुळात सर्वांत वाईट आकडे असलेली जागा निवडली, तर पुढच्या वर्षी ते आकडे काही न करताही थोडे खाली येऊ शकतात. तीन बदल एकदम केले की कोणता लागू पडला तेही समजत नाही. खरी परीक्षा घ्यायची तर सारख्या धोक्याच्या बऱ्याच जागा घ्याव्या लागतील, कुठे रंग आणि कुठे फलक हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागेल. मृत्यू एका जागी मोजकेच असतात, त्यामुळे दर तासाला किती जण रुळांत उतरतात आणि गाडी किती लांब असताना थांबतात, हे कॅमेऱ्याने मोजणं जास्त उपयोगाचं. उरलेल्या जागांवर नेहमीचं कुंपण आणि पादचारी पूल असायलाच हवेत, कारण कोणालाही जाणूनबुजून उघड्यावर सोडून तुलना करता येत नाही. रुळांमुळे पूर्व-पश्चिम अशा दोन भागांत विभागलेल्या मीरा रोड आणि भाईंदरमध्ये हा प्रयोग करण्यासारखा आहे. त्याला लागतो पिवळा रंग, काही कॅमेरे आणि रेल्वेची परवानगी.