नंबर राज्याचा, माणसं गावची

आगीचा बंब दिसला की लोक त्याचा लाल रंग बघतात, शिडी बघतात. माझी नजर आधी नंबरावर जाते. कुठल्या बंबाला कोणता नंबर आणि का, याचा मला वर्षानुवर्षांचा नाद आहे. त्यात माझं मन सगळ्यांत जास्त रमलं ते कॅलिफोर्नियाच्या सरकारी बंबांत.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. शीतयुद्धाच्या धास्तीने १९५० साली कॅलिफोर्नियात परस्पर मदतीचा करार झाला. शहरं, काउंट्या आणि राज्य यांनी संकटात एकमेकांच्या हाकेला धावायचं ठरवलं. नागरी संरक्षणाच्या नावाखाली राज्याने बंब विकत घेतले आणि ते स्थानिक अग्निशमन दलांकडे ठेवायला दिले. हे काम आज राज्यपालांचं आपत्कालीन सेवा कार्यालय बघतं. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘ओईएस’.

आता माझ्या आवडीचा भाग. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बंबाला केंद्राचा नंबर मिळतो. एक नंबरच्या केंद्रातला तो ‘इंजिन वन’. गावापुरतं हे सोयीचं आहे. पण वणवा पेटला आणि दहा गावांचे बंब एका डोंगराखाली जमले, की दहा ‘इंजिन वन’ एकाच वेळी वायरलेसवर बोलू लागतात. म्हणून प्रत्येक दलाला तीन अक्षरी ओळख दिलेली आहे. लॉस एंजेलिस काउंटीची ‘एलएसी’, लॉस एंजेलिस शहराची ‘एलएफडी’. ओईएसची तीन अक्षरं याच मालिकेत चपखल बसतात. सरकारी बंबाच्या अंगावर ‘ओईएस’ आणि पुढे राज्याने दिलेला नंबर असतो. बंब कुठल्याही गावात उभा असो, हाक त्याच नंबराने पडते. गावाच्या नंबरांशी त्याचा काही संबंध नसतो.

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात नातेवाइकांकडे गेलो असताना एका छोट्या शहराच्या अग्निशमन केंद्राने लोकांसाठी दारं उघडली होती. आत दोन बंब शेजारी उभे. मी खाली वाकून नंबरप्लेटा पाहिल्या. दोन्हींवर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर होतं, म्हणजे करमाफ सरकारी वाहन. पण एकावर ते अष्टकोनात होतं, दुसऱ्यावर शंकरपाळ्याच्या आकारात. अष्टकोन म्हणजे शहराची किंवा काउंटीची गाडी, शंकरपाळं म्हणजे राज्याची. एकाच छताखाली दोन मालक, आणि दोन्ही बंबांवर चढणारे जवान मात्र तेच! कितीतरी वेळ मी तिथून हललो नाही.

तिथल्या कॅप्टनने राज्याच्या बंबाच्या अटी समजावून सांगितल्या. मालकी राज्याची, जागा, देखभाल आणि माणसं गावाची. स्वतःचा बंब दुरुस्तीला गेला किंवा गावातच मोठी आग लागली, तर हा बंब वापरायची मुभा आहे. मात्र राज्याची हाक आली की जवान भरून तो निघालाच पाहिजे. ज्या दलाला माणसं देणं जमत नाही, त्याच्याकडून बंब काढून दुसऱ्याकडे देता येतो. म्हणून बंब देताना माणसं पुरवण्याची ताकद आधी पाहिली जाते. मदतीसाठी राज्याचे सहा विभाग पाडलेले आहेत आणि बंब त्यांत विखरून ठेवले जातात.

नंबराइतकाच महत्त्वाचा बंबाचा प्रकार. ‘टाइप १’ वस्तीतल्या आगीसाठी. त्याचा पंप मिनिटाला सुमारे ३,८०० लिटर पाणी फेकतो. ‘टाइप ३’ रानासाठी. त्यात सुमारे १,९०० लिटर पाणी मावतं आणि चालत्या गाडीतून ते मारता येतं. एकाच प्रकारचे पाच बंब आणि एक म्होरक्या मिळून ‘स्ट्राइक टीम’ होते. तिच्या नंबराच्या शेवटी ‘ए’ असेल तर टाइप १, ‘सी’ असेल तर टाइप ३. म्हणजे तळावर बसलेल्या अधिकाऱ्याला न विचारताच कळतं, काय येतंय. १९७० च्या वणव्यांत १३ दिवसांत १६ माणसं गेली, सातशेवर इमारती जळाल्या. दलांना एकमेकांची भाषा समजेना. त्या अनुभवातूनच ही शिस्त आली.

जाता जाता बे एरियातल्याच ओकलंडबद्दल सांगायलाच हवं. २० ऑक्टोबर १९९१ च्या तिथल्या आगीत २५ जण दगावले. बाहेरून आलेल्या बंबांचे पाइप हायड्रंटला बसेनात, कारण ओकलंडच्या हायड्रंटची तोंडं ३ इंची आणि इतरत्र चालणारं माप अडीच इंची. नंबर एक असून भागत नाही, जोडण्याही एक लागतात. राज्याने घेतलेल्या बंबांचा मोठा फायदा मला इथेच दिसतो: सामान सगळीकडे सारखं.

आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हा विषय पालिकांच्या यादीत घातला. गोव्यात राज्याचं संचालनालयच दल चालवतं. महाराष्ट्रात मात्र पालिका आपापला बंब सांभाळतात आणि एमआयडीसीचं दल वेगळं. मोठी आग लागली की शेजारचे बंब धावून येतात, ही आपली जुनी माणुसकी आहे. तिला आता शिस्तीची जोड हवी. राज्याने एकसारखे बंब घ्यावेत, माणसं देऊ शकणाऱ्या नगरपरिषदांकडे ठेवावेत आणि प्रत्येकाला राज्यभर एकच नंबर द्यावा. आमदार-नगरसेवक वाचक असतील, तर त्यांनी हा विषय जरूर सभागृहात मांडावा.