दारूगोळ्याचें कोठार आणि उत्तरदायित्व

मोठ्या कुटुंबाचा कारभार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, घरांत नासाडी होते ती बहुधा दारिद्र्यामुळें होत नाहीं; ‘तें काम माझें नव्हे’ असें प्रत्येकानें मनांत म्हटल्यामुळें होते. कोठींतल्या तांदळास कीड लागली म्हणजे धाकटा थोरल्याकडे पाहतो, थोरला गड्याकडे पाहतो, आणि तांदूळ टाकून द्यावा लागतो. राष्ट्राच्या सैन्याचें कोठार याहून निराळें नाहीं. भेद इतकाच कीं, तेथील हयगयीनें माणसें मरतात.

आम्हां उरणकरांस हा विषय दूरचा वाटत नाहीं. करंजा येथें नौदलाचें शस्त्रागार आहे. त्याच्या सभोंवतींच्या सुरक्षापट्ट्यामुळें घरांच्या बांधकामावर जे निर्बंध आले, त्यांविषयींचें रहिवाशांचें गाऱ्हाणें कित्येक वर्षांचें आहे. देशरक्षणासाठीं शेजाऱ्यानें कांहीं सोसावें हें योग्यच. परंतु जो सोसतो त्यास, आंतील व्यवस्था चोख आहे ना, हें विचारण्याचा अधिकारही पोंचतो. वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवच्या केंद्रीय दारूगोळा भांडारांत 31 मे 2016 रोजीं जो वणवा पेटला, त्यांत दोन अधिकारी व अनेक अग्निशामक कर्मचारी प्राणांस मुकले. रणगाडाविरोधी सुरुंगांतील स्फोटक द्रव्य गळत असल्याचा प्रश्न त्या निमित्तानें पुढें आला. सदोष माल कोणीं बनविला, कोणीं तपासून घेतला आणि कोणीं तसाच पडूं दिला, हे प्रश्न अशा वेळीं उद्भवतात. एका दोषाचे इतके वाटेकरी असले म्हणजे दोष कोणाच्याच माथीं बसत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं या दुखण्याची चिकित्सा केली नव्हती असें नाहीं. इ. स. 1675 मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध पद्मदुर्गाचें काम चाललें असतां, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यानें आरमारास नेमून दिलेली रसद व पैका पोंचविला नाहीं. श्रीशिवछत्रपतींनीं त्यास लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. शत्रूनें तुम्हांस कांहीं देऊं केलें काय, असा रोकडा प्रश्न महाराज त्यांत विचारतात आणि ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाहीं असें बजावतात. आमच्या वर्गाच्या वाचकांनीं तें पत्र वारंवार वाचण्यासारखें आहे. त्यांत दोष ‘व्यवस्थे’वर ढकललेला नाहीं. कामचुकार मनुष्य नांवानिशीं पुढें उभा केला आहे.

तसेंच रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, ठराविक दिवसांनीं दारू बाहेर काढून तिची निगा राखावी, आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये, इतक्या बारकाव्याचे नियम त्यांत आहेत. राज्यरक्षणाच्या नांवाखालीं उधळपट्टी वा जुलूम क्षम्य होतो, असें त्या मुत्सद्द्यास वाटलें नाहीं.

आतां स्वतंत्र भारताची खातेवही उघडूं. 1948 सालीं लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनीं नेहमींची पद्धत बाजूस ठेवून सुमारें 80 लक्ष रुपयांचा जीपगाड्यांचा करार केला. दीडशेच्या आसपास गाड्या आल्या, त्याही निरुपयोगी. 1955 सालीं शासनानें तें प्रकरण मिटल्याचें जाहीर केलें. 1956 सालीं मेनन मंत्रिमंडळांत आले व 1957 सालीं संरक्षणमंत्री झाले. 1962 च्या पराभवानंतर त्यांस जावें लागलें आणि महाराष्ट्रांतून यशवंतराव चव्हाणांस पाचारण झालें. त्या पराभवाचा हेंडरसन-ब्रूक्स अहवाल शासनानें अद्यापि प्रसिद्ध केलेला नाहीं. ज्या घरांत तोट्याची वही कुलुपांत राहते, तेथील पुढची पिढी तोच तोटा पुन्हा करते.

उलट बाजूचें उदाहरण आमच्या समोरच्याच बंदरांतलें. 14 ऑगस्ट 2013 रोजीं मुंबईच्या गोदींत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी स्फोटानें बुडाली व 18 नौसैनिक दगावले. 26 फेब्रुवारी 2014 रोजीं ‘सिंधुरत्न’वरील दुर्घटनेंत दोन अधिकारी गेले. त्याच दिवशीं नौसेनाध्यक्ष ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनीं नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. या कृतीस आम्ही मनःपूर्वक वंदन करतों. तथापि हिशेब येथें पुरा होत नाहीं. नव्या पाणबुड्यांचा करार 2005 सालचा. पहिली ‘कलवरी’ 2012 च्या सुमारास अपेक्षित असतां ती 2017 च्या डिसेंबरांत नौदलांत दाखल झाली. तोंवर जुन्या पाणबुड्यांवरच भार राहिला. त्या पांच वर्षांच्या विलंबासाठीं कोणीं राजीनामा दिला? सेनापतीनें पद सोडलें. खरेदीच्या कागदांवर सह्या करणारे वा सह्या लांबविणारे हात मात्र जागच्या जागीं राहिले.

गुप्ततेचा आक्षेप आम्ही जाणतों. तोफ कोठें रोखली आहे हें गुप्तच असावें. परंतु ती किती विलंबानें आली आणि तो कोणामुळें झाला, हें शत्रूपासून लपविण्याची गरज नसते. तें लपतें फक्त धन्यापासून, म्हणजे प्रजेपासून. महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढें येतात. त्यांतील संरक्षणविषयक भाग शिकलेल्या घरांतून एकदां तरी वाचला जावा. प्रत्येक मोठ्या खरेदीस आरंभापासून शेवटपर्यंत एक नांवाचा धनी असावा, बदली झाली तरी त्याचें उत्तरदायित्व सुटूं नये, आणि चौकशीस मुदत असावी. इतकें झालें तर करंज्याच्या कुंपणापलीकडे राहणारा मनुष्य आपला निर्बंध अधिक समाधानानें सोशील.