तेल-तूप : किती, कोणते आणि कोणासाठी?

गतवर्षी पावसाळ्यात बेळगाव भागातील एका खेड्यात आम्ही घरभेटीस गेलो होतो. घरातील वृद्ध गृहस्थांना हृदयाची तक्रार सुरू झाली होती आणि "तेल-तूप जपून खा" असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. त्या 'जपून'चे घरी पोहोचेपर्यंत 'बंद' झाले. आमटीला फोडणी नाही, भाकरीवर लोण्याचा ठिपका नाही. चूल एकच असल्यामुळे साऱ्या घराला तोच आहार, आणि त्यात दीड वर्षाची नातही आली. पोर किरकिरी झाली होती, अंगाने उतरली होती. एवढ्यात आमच्यापुढे चहा आला आणि चहाबरोबर बशीभर बेकरीची खारी. आजोबांनी स्वतः दोन उचलल्या.

"आजोबा, तेल बंद म्हणता, मग ही खारी कशी चालते?" आम्ही विचारले.

"फादर, हिच्यात कुठं आलंय तेल? कोरडी ठणठणीत आहे ही!"

आजोबांच्या या उत्तरामुळेच आज हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहो.

प्रथम त्या बालिकेविषयी. तेल, तूप, लोणी, चरबी या सर्वांना आपल्या जुन्या वैद्यकात 'स्नेह' असे सुंदर नाव आहे आणि माया या अर्थीही आपण तोच शब्द वापरतो. हा योग आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. मातेच्या दुधातून बालकास जी शक्ती मिळते, तिचा जवळजवळ अर्धा भाग त्या दुधातील स्निग्धांशापासून येतो. मेंदूची व मज्जातंतूंची घडण याच काळात झपाट्याने होत असते आणि तीस स्निग्धांश लागतो. शिवाय पोट लहान, वाढ मोठी. पिठूळ पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ४ उष्मांक मिळतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ९. म्हणून दोन वर्षांच्या आतील मुलाचे तेल-तूप वडीलधाऱ्यांच्या पथ्यासाठी तोडणे हा त्या मुलावर अन्याय होय.

मोठ्यांनाही स्नेह अजिबात वर्ज्य करून चालत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या आधारानेच शरीरात शोषली जातात. शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई यांतील पिवळे-केशरी द्रव्य शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनते व दृष्टी राखते. परंतु पालेभाजी नुसती उकडून खाल्ली तर त्यातील बराचसा लाभ वाया जातो. चमचाभर तेलाची फोडणी ही केवळ जिभेची चैन नव्हे! १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना पूर्णपणे स्निग्धांशरहित अन्न दिले. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांची झाली. काही मेदाम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मग डॉक्टरांचे म्हणणे चुकले काय? मुळीच नाही. सारे स्नेह सारखे नसतात, एवढेच. तूप, लोणी, डुकराची चरबी, पामतेल व खोबरेल यांत 'संपृक्त' मेदाम्ले अधिक असतात. ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात. शेंगतेल, तीळतेल, करडईचे तेल, मोहरीचे तेल यांत असंपृक्त मेदाम्ले अधिक, आणि पहिल्यांच्या जागी दुसरी आली तर हृदयरोगाचा धोका कमी होतो. गोमंतकातील आमच्या बंधूंना हे रुचणार नाही, कारण खोबरेल संपृक्तांच्या रांगेत अगदी पुढे बसते. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर माणसे जगली हे खरे. परंतु त्या पिढ्या दिवसभर शेतात किंवा होडीवर राबत होत्या. कालवणात नारळ आहेच, तेव्हा वरून ओतायचे खोबरेल तरी हात आखडून ओतावे. उलट बांगडा आणि तारली या स्वस्त मासळीतील तेल हृदयाचे मित्र आहे. घाटावर जवसाच्या चटणीत त्याच जातीचे मेदाम्ल सापडते.

आता खारी. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात निकेल धातूच्या साह्याने हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. भारतात १९३७ साली 'डालडा' आला आणि ते नाव वनस्पती तुपाचे दुसरे नावच होऊन बसले. साजूक तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तीळतेल घालण्याची सक्ती कायद्याने अनेक वर्षे होती. भेसळ पकडण्याची तजवीज झाली. पण खुद्द वनस्पतीत काय घडते हे कोणी पाहिले नव्हते. तेल अर्धवट घट्ट करताना 'ट्रान्स' नावाची विकृत मेदाम्ले तयार होतात. १९९० साली हॉलंडमधील मेन्सिंक व काटान यांनी दाखवून दिले की, ती अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक घटवितात. म्हणजे दुहेरी नुकसान. भारतात तेल-चरबीतील या मेदाम्लांवर १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र कायद्याने ट्रान्स घटले म्हणून खारीतील चरबी गेली असे नव्हे. पदर सुटण्यासाठी पिठाच्या घडीघडीत घट्ट चरबी लाटावीच लागते. ती हाताला लागत नाही, म्हणून आजोबांना खारी कोरडी वाटली.

प्रमाण म्हणाल तर, बैठे काम करणाऱ्यास माणशी रोज चार-पाच लहान चमचे तेल-तूप पुरे. अंगमेहनत करणाऱ्यास थोडे अधिक चालेल. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोंहून फार अधिक तेल संपत असेल, तर डबा कुठे गळतो ते गृहिणींनी पाहावे. आणखी एक विनंती : सणाच्या नेवऱ्या तळून उरलेले तेल काळे पडेपर्यंत पुन्हा पुन्हा तापवू नये. वारंवार तापविल्याने त्यात शरीरास घातक द्रव्ये साठतात. उरलेले गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे.

त्या घरी आम्ही अलीकडेच पुन्हा गेलो होतो. आमटीवर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी तरंगत होती. नातीच्या हाती भाकरीचा तुकडा आणि गालापर्यंत लोणी. चहाबरोबर या खेपेस भाजलेल्या शेंगा आल्या.

"आणि खारी?" आम्ही विचारले.

आजीबाई पदरात हसल्या. "त्यांची रविवारची एक ठेवलीय, फादर. तेवढी असू द्या."