'शारदे'साठी प्रॉपर्टी जमवताना

यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले 'संगीत शारदा'तले निवडक प्रवेश सादर करणार आहेत. गोविंद बल्लाळ देवलांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली आपल्या इंदुरातच केला, त्यामुळे सगळ्यांनाच उत्साह आहे. गाण्यांच्या तालमी शाळेत सुरू झाल्या आहेत. प्रॉपर्टी जमवण्याचे काम मंडळाच्या नाट्य समितीने, म्हणजे आम्ही, अंगावर घेतले आहे. काय लागणार, कुठून आणायचे आणि सांभाळायचे कसे, हे सभासदांना कळावे म्हणून ही माहिती.

आधी यादी, मग शोधाशोध

संहिता वाचताना आम्ही मुलांच्या हाती पेन्सिल देतो. प्रत्येक प्रवेशात कोणती वस्तू येते, ती कोण आणते, कोण घेऊन जाते, हे त्यांनीच लिहायचे. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि मग आधीच्या प्रवेशातला पानाचा डबा नदीकाठच्या प्रवेशातही तसाच पडलेला दिसतो.

वस्तूंवरून माणूस कळतो, हेही मुलांना यादी करतानाच समजते. भुजंगनाथ म्हातारा पण गडगंज. त्याच्या घरी गादी, लोड, तक्के, अत्तरदाणी, गुलाबदाणी हवी. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली लेक त्याला द्यायला निघालेला. त्याच्याकडे पंचांग, पळी-पंचपात्र, ताम्हन, बसायला पाट. लग्नाच्या प्रवेशात अंतरपाट, मुंडावळ्या, अक्षता. वर आणि वधू एकाच गोत्राचे असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते, तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या अंतरपाटाकडे असतात. म्हणून तो स्वच्छ, पुरेसा रुंद आणि कुंकवाचे स्वस्तिक लांबून दिसेल असा हवा.

घरून काय, बाहेरून काय

गादी-लोड टेंट हाऊसमधून भाड्याने मिळतात. फक्त अभ्रे पांढरे मागावेत, चकाकते सॅटिन नको. अंतरपाट घरीच जुन्या धोतरातून करता येतो. पंचांग किंवा पोथी खरी देऊ नये. जुना कागद तालमीत फाटतो, त्यापेक्षा वहीला जुन्या कापडाचे वेष्टन शिवावे. पगडीसाठी पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर कापड बसवतो. घरातली जुनी पगडी मुलांच्या हाती द्यायची वस्तू नव्हे.

तांब्या-पितळेची भांडी मात्र आपल्या घरांतूनच यायला हवीत. तांब्या, फुलपात्र, ताम्हन, पानाचे तबक, अडकित्ता, तपकिरीची डबी माळ्यावर, देवघरामागे किंवा जुन्या पेटीत निघतातच. चिंचेने घासली की दिव्याच्या उजेडात पितळ सोन्यासारखे दिसते, त्यामुळे चांदी कोणीही पाठवू नये. स्टीलचे भांडे चालणार नाही, कारण त्या काळात आपल्या घरांत स्टेनलेस स्टील नव्हतेच. हातातली घड्याळे आणि प्लास्टिकच्या बांगड्याही प्रयोगाच्या दिवशी घरीच ठेवाव्यात.

संगीत नाटकाच्या वेगळ्या अडचणी

गद्य नाटकात वस्तू मिनिटभर हातात राहते. इथे पद सुरू झाले की पाच मिनिटे तबक धरून उभे राहावे लागते. हात अवघडला की आवाजही अवघडतो. म्हणून गाणाऱ्याच्या हातातली वस्तू हलकी असावी, किंवा पदाआधी ती खाली ठेवण्याची जागा दिग्दर्शकांकडून ठरवून घ्यावी.

माईकला धातूचा प्रत्येक आवाज ऐकू जातो. तबकात फडके अंथरावे, ताम्हनातली पळी दोऱ्याने बांधून टाकावी, अडकित्त्याची धार बोथट करण्यापेक्षा तो उघडणारच नाही असा तारेने आवळून ठेवावा. समई-निरांजनात बॅटरीचे दिवे लावावेत. पडदे आणि नऊवारी पदर जवळ असताना खरी ज्योत नको. अक्षताही मोजक्याच. गुळगुळीत मंचावर तांदळाने पाय सरकतो, तेव्हा प्रवेश संपताच केरसुणी फिरवण्याचे काम एका मुलाकडे नेमून दिलेले असावे.

नाव घातलेली भांडी

पूर्वी भांड्यावर नाव घालून घेत. आणलेल्या प्रत्येक भांड्याच्या काठावर काय कोरले आहे ते मुलांनी वहीत उतरवायचे, असे आम्ही ठरवले आहे. नोंदीसाठी ते उपयोगी आहेच, पण त्याहून मोठे कारण आहे. कित्येक भांडी लग्नात आलेली असतात, आणि त्यावर नाव, गाव, साल असते. ती पणजी किंवा खापरपणजी लग्नाच्या वेळी किती वर्षांची होती, हे मुलांनी घरी विचारावे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरले, तेही १४ वर्षे. त्याला 'शारदा कायदा' म्हणतात ते तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. नाटकाशी त्या नावाचा संबंध नाही. पुढे १९७८ साली ही मर्यादा १८ झाली. शारदेचे काम करणारी आपली मुलगी आठवीत आहे. तिच्याच वयाच्या मुलीबरोबर सासरी आलेला तांब्या तिने हातात धरला, तर नाटक कशाबद्दल आहे हे वेगळे समजवावे लागणार नाही.

शिवाय ताम्हन, पंचपात्र, अडकित्ता हे शब्द मुलांच्या तोंडी बसतात. शाळेत आणि गल्लीत दिवसभर हिंदी बोलणाऱ्या मुलांना वस्तू हातात आल्याशिवाय तिचे नाव आठवत नाही.

देणे आणि परत घेणे

वस्तू आणल्यावर तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून वहीत नोंद होईल. पोच म्हणून एक चिठ्ठी मिळेल, ती जपून ठेवावी. खुणेसाठी दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधू. स्टिकर चिकटवणार नाही, कारण त्याचा डाग पितळेवरून आणि लाकडावरून निघत नाही. विंगेत टेबलावर पांढरा कागद अंथरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आखलेली असेल. वापर झाला की वस्तू आपल्या रेषेत परत. कोणती जागा रिकामी आहे ते एका नजरेत कळते. पेट्यांची किल्ली समितीच्या दोघांकडेच राहील.

जी वस्तू हरवली किंवा पोचली तर मनाला लागेल, ती कृपया देऊ नका. तिचा फोटो द्या, आम्ही तशी दुसरी शोधू किंवा पुठ्ठ्याची करू.

प्रयोगानंतर आठवड्याच्या आत मुले स्वतः घरोघरी जाऊन वस्तू परत करतील. भांडे रिकामे परत करायचे नाही ही आपली रीत आहे, तेव्हा प्रत्येक भांड्यात थोडी साखर घालून देण्याचे ठरले आहे. मुले आली की त्यांना दोन मिनिटे बसवा आणि भांड्यावरचे नाव कोणाचे, ते सांगा.