आकडी थांबली म्हणून गोळी थांबवू नये

अपस्माराच्या रुग्णांच्या आप्तेष्टांकडून एक वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागते की, ते कानी पडताच आता मनस्वी चीड येते : "वर्षभर फिट आली नाही, मग गोळी कशाला?" वस्तुतः फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासिटॅम यांपैकी एकही औषध अपस्माराचे मूळ उपटून टाकीत नाही, मेंदूतील पेशींचा एकाच वेळी उसळणारा विद्युत्क्षोभ ते आवरून धरते, आणि तेही रक्तात त्याचे पुरेसे प्रमाण आहे तोवरच. आकडी न येणे हा बहुधा औषध आपले काम चोख बजावीत असल्याचाच दाखला होय. ते एकाएकी तोडले असता आकडीमागून आकडी येत राहून रुग्ण मध्ये शुद्धीवरच येत नाही, अशी प्राणावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. आणि कारण पाहावे तर एवढेच की, लग्नाला गावी जाताना गोळ्यांचे पाकीट फडताळात राहिले, किंवा कडक उपवासात औषध नको असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरविले!

मग औषध जन्मभर घ्यायचे काय? तसेही नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किमान दोन वर्षे आकडी न आलेले १,०१३ रुग्ण होते. पुढील दोन वर्षांत औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ७८ टक्के, तर ते क्रमाक्रमाने बंद करणाऱ्यांपैकी ५९ टक्के आकडीमुक्त राहिले. म्हणजे औषध सुटू शकते. परंतु अपस्माराचा प्रकार व रुग्णाचा पूर्वेतिहास पाहून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा महिनोनमहिने उतरवीत.

"गोळी कुठल्याही कंपनीची सारखीच" हेही सरसकट खरे नाही. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील कॅल्शियम सल्फेट हे भरणद्रव्य काढून लॅक्टोज घातले गेले, आणि मात्रा तीच असताना रक्तात अधिक औषध उतरून रुग्णांना विषबाधा झाली. या औषधाची मात्रा किंचित वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढू शकते. मग नजर थरथरते, चालताना झोक जातो. म्हणून कंपनी परस्पर बदलू नये.

चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दोन एकदम घेऊ नयेत. नव्या औषधाने अंगावर पुरळ उठल्यास 'उष्णता' म्हणून दुर्लक्ष न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कांदा व चप्पल हुंगविल्याने आकडी थांबत नाही. ती पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास रुग्णालय गाठावे.

व्हॅल्प्रोएटने गर्भाला व्यंग येण्याचा व मुलाची बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका खरा आहे. तथापि दिवस गेल्याचे कळताच भयाने गोळी टाकून देणाऱ्या स्त्रीवर आकडीचे संकट ओढवते, आणि ते मायलेकरू दोघांवरचे असते. औषध बदलायचे ते गर्भधारणेपूर्वीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि दिवस आधीच गेले असतील, तर गोळी चालू ठेवून विनाविलंब त्यांच्याकडे जावे.